बाबांनी नापास केलेली गाडी

आमच्या घरात कुठलीही गोष्ट चांगली किंवा वाईट नसायची. ती पास असायची किंवा नापास. बाबा आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होते. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि टायर तपासून ते संध्याकाळी घरी आले, की तीच नजर वरणाच्या पातेल्यातही डोकवायची. आईने नवे पडदे लावले, तर ते पडदे न बघता आधी दांडी हलवून बघत. माझ्या मावसबहिणीला स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलगा आत चहा पीत असताना बाबांनी खाली जाऊन त्याच्या स्कूटरचे टायर पाहून घेतले आणि मुलगा निष्काळजी आहे असा शेरा दिला. कोणी ऐकलं नाही. लग्न झालं, जावई खरोखरच निष्काळजी निघाला, आणि तेव्हापासून नातेवाइकांत बाबांचा दरारा वाढला.

एवढ्या गाड्या ज्यांच्या हाताखालून गेल्या, त्यांच्याकडे स्वतःची गाडी मात्र नव्हती. नवी परवडत नव्हती आणि जुनी घ्यायची तर ती पासिंगला न्यावी लागणार. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते, आणि निरीक्षक समाधानी झाला तर आरसी बुकात शिक्का मिळतो. बाबांची अडचण इथेच होती. त्यांची गाडी त्यांच्याच ऑफिसात जाणार, त्यांच्याच हाताखालची माणसं ती तपासणार. "म्हणजे तपासणारच नाहीत," बाबा म्हणायचे. "साहेबांची गाडी म्हणून आदराने शिक्का मारतील. न बघता पास झालेल्या गाडीत मी बायकोला बसवू?" या तत्त्वापायी ते स्वतःची स्कूटरसुद्धा पंधरा वर्षं भरायच्या आत विकून टाकत. गाडीचं रिटायर झाल्यावर बघू, असं ठरलेलं होतं. मग ते रिटायर झाले, आणि रिटायर झालेल्या माणसाला बघण्यासारखं बरंच काही असतं, तसं ते राहून गेलं. आई कधी बोलली नाही. पण रस्त्यावरून एखादं वयस्कर जोडपं गाडीतून जाताना दिसलं, की ती त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघायची, आणि ते बघणं मला दिसायचं.

मी तेव्हा एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होते. शतक संपत आलं होतं. परदेशातल्या बँकांच्या जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले होते, आणि ते दोन शून्यांवर आले की सगळा गोंधळ उडणार अशी भीती पसरली होती. ती भीती निस्तरायचं काम आमच्याकडे आलं होतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या तारखा शोधायचे आणि त्या पुढे नीट चालतात का ते पाहायचे. बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तूही पासिंगच करतेस." माझ्या कामाचं एवढं नेमकं वर्णन माझ्या मॅनेजरलाही जमलेलं नव्हतं.

हातात पगार खुळखुळत होता. बँका मागे लागून कर्ज देत होत्या आणि ऑफिसातलं प्रत्येक जण एखादी नवी छोटी गाडी बुक करत होतं. मला मात्र जुनीच हवी होती, आणि तीही एकच. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "यार, इतकी मस्त मॉडेल्स आलीयेत मार्केटमध्ये, आणि तू अँटिक पीस घेणार?" तिला सगळं सांगत बसले नाही.

कॉलेजात असताना बाबा मला स्कूटरवरून सदाशिव पेठेत क्लासला सोडायचे. वाटेत एका गल्लीत, एका तीनमजली इमारतीखाली मोतिया रंगाची एक मोटार उभी असे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, गोल दिव्यांची, टोपी नीट घालून बसलेल्या आजोबांसारखी. तिच्याजवळ आलं की बाबांची स्कूटर हमखास हळू व्हायची. ते मान वळवून बघायचे आणि मग पुन्हा वेग घ्यायचे. जगातल्या बाकी सगळ्या गाड्यांकडे ते दोष शोधत बघतात आणि हिच्याकडे मात्र नुसतं बघतात, असं मला मागच्या सीटवर बसून वाटायचं. त्यामुळे त्याच गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काचेवर जेव्हा कार्ड लागलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. "जुनी मोटार देणे आहे. चालू स्थितीत. घासाघीस करणाऱ्यांनी, तसेच ॲव्हरेज किती देते असे विचारणाऱ्यांनी येऊ नये."

मी रविवारी एकटीच गेले. गाडीचे मालक गणिताचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपल्याला मोटार चालवता येते, की नुसती परवडते?" येते म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं. विकण्याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं. डोळे साथ देत नव्हते. समोरून येणारा माणूस आहे की खांब, हे कळायला वेळ लागू लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच चावी खिळ्याला टांगली. मुलं अमेरिकेत, त्यांना या गाडीचं काही नव्हतं. गिऱ्हाईक एक होतं. लोणी काळभोरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर कोणीतरी नवं हॉटेल काढलं होतं, आणि त्याला ही मोटार दाराशी चौथऱ्यावर उभी करायची होती. इंजिन काढून टाकायचं आणि बॉनेटखाली फुलझाडं लावायची, अशी त्याची योजना होती. "लय शोभा येतीय बघा, असं म्हणाला," प्राध्यापक म्हणाले, आणि चेहरा असा केला की शोभेचं पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. तो महिन्याच्या शेवटच्या रविवारी ट्रक घेऊन येणार होता. त्याआधी चालवणारं कोणी मिळालं तर प्राध्यापकांना हवं होतं.

मग त्यांनी आरसी बुक काढून दिलं. शिक्के जागच्या जागी होते. मी पानं उलटत असताना ते स्वतःहूनच म्हणाले की इतक्या वर्षांत ही गाडी एकदाच नापास झाली, आणि तीही एका विक्षिप्त माणसामुळे. नागपूरकडचा कोणी निरीक्षक होता. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून हलवलं, खेळ आहे, म्हणजे सांधा सैल झालाय, असं म्हणाला, आणि दुरुस्त करून या पुढच्या आठवड्यात, असं सांगून दुसऱ्या गाडीकडे वळला. प्राध्यापकांनी त्याच्याविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. ते छापून आलं नाही, याचा राग वेगळा होता.

मी मान वर केली नाही. "या पुढच्या आठवड्यात" हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझं प्रगतिपुस्तकही बाबांनी एकदा याच शब्दांत परत केलं होतं.

घरी आले तेव्हा बाबा लसूण सोलत बसले होते. मी गाडीचं सांगितलं. ते सोलता सोलता म्हणाले, "मोतिया रंगाची? पुढचं डावं चाक जरा आत झुकलेलं?" माणूस त्यांना आठवत नव्हता, चाक आठवत होतं. मी विचारलं, मग रोज तिथे स्कूटर का हळू करायचात? "चाक सरळ केलं की नाही ते बघायला," बाबा म्हणाले.

माझा अगदी हिरमोड झाला. मी त्याला प्रेम समजत होते. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, एवढ्या गाड्या नापास केल्या तुम्ही. सगळ्यांची चाकं बघायला जात होतात का?" एकच पाकळी बाबा बराच वेळ सोलत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांच्यात जान आली. मी ऑफिसातून आले की माझी उलटतपासणी सुरू व्हायची. शिक्के वेळच्या वेळी आहेत की मध्ये खंड आहे? इंजिन तेच आहे की बदललंय, आणि बदललं असेल तर बुकात नोंद आहे का? रंग पहिला हाच होता का? मी म्हटलं, बाबा, गाडी पास झालेली आहे, शिक्का आहे. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं, ते मी पुढे नोकरीतही वापरलं. शिक्का फक्त पास झाली एवढं सांगतो, ते म्हणाले. कशात अडकली होती आणि मालकाने तेव्हा काय केलं, हे शिक्का सांगत नाही. गाडीचा इतिहास म्हणजे तिच्या चुका आणि त्यांच्यावर झालेली दुरुस्ती. कधीच नापास न झालेली गाडी एकतर नवी असते, नाहीतर कोणी नीट बघितलेली नसते. आई म्हणाली, जुनी वस्तू म्हणजे पदरी पडली आणि पवित्र झाली असं समजावं. बाबा म्हणाले, पदरी पडायच्या आधी पदर बघून घ्यावा.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. बाबांनी सोबत एक जुनी सतरंजी, पेन्सिल, कोरा कागद आणि आईच्या फ्रिजवरचं एक लोहचुंबक घेतलं होतं. पायजमा-शर्टाऐवजी त्यांनी ऑफिसची पँट चढवली होती. रस्ताभर मी मागे बसून देवाला नाही तरी नशिबाला विनवत होते, की त्या दोघांनी एकमेकांना ओळखू नये.

दार उघडलं. प्राध्यापकांचे डोळे खांब आणि माणूस यात गोंधळत असतील, पण हा माणूस त्यांनी उंबऱ्यावरच ओळखला.

"आपण," ते म्हणाले.

"मी," बाबा म्हणाले.

"आज तपासणार, की पुढच्या आठवड्यात येऊ?"

मला वाटलं, संपलं. पण प्राध्यापक बाजूला झाले आणि त्यांनी आत यायला जागा दिली. आतून त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. प्राध्यापक न बसता थेट शोकेसपाशी गेले. तिथे नातवंडांच्या फोटोशेजारी लोखंडाचा एक काळा तुकडा ठेवलेला होता. स्टिअरिंगच्या सांध्याचा तो जुना, काढून टाकलेला भाग होता. बाबांची पुन्हा कधी गाठ पडली तर दाखवायला म्हणून त्यांनी तो एवढी वर्षं जपला होता. "मी किती वेळा सांगितलं, टाका तो," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पाहुणे विचारतात, हे काय आहे म्हणून." प्राध्यापकांनी तो बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, बघा, याला तुम्ही खेळ म्हणालात. बाबांनी चष्मा वर केला, तुकडा उजेडात धरला, बोटांनी हलवला. तो खुळखुळला. प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले.

मग बाबांनी आरसी बुक मागितलं. एका शिक्क्यावर ते थांबले. आधीची मुदत संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी तो पडला होता. मधल्या काळात गाडी कुठे होती, असं त्यांनी विचारलं. खाली, झाकून, असं उत्तर आलं. बाबा त्या कामावर होते तोवर प्राध्यापकांनी गाडी पुन्हा नेलीच नाही. पावसाळाभर रिक्षाने फिरले. बाबांची दुसरीकडे बदली झाल्याची खात्री केली आणि मगच गेले.

"आणि सांधा कधी बदललात?" बाबांनी विचारलं.

"त्याच आठवड्यात."

"त्याच आठवड्यात बदललात आणि आला नाहीत?"

"बदलला, कारण खेळ होता," प्राध्यापक म्हणाले. "आलो नाही, कारण आपण होतात."

बाबा हसले. ते क्वचित हसायचे, आणि हसले की त्यांचे खांदे हलायचे. तसे ते हलले. प्राध्यापकांच्या तोंडावरही काहीतरी हललं. माझ्या मते गाडी त्याच क्षणी पास झाली. पण बाबांना ते मान्य नव्हतं. ते खाली गेले, सतरंजी पसरली आणि थेट गाडीखाली सरकले.

तो तासभर मी कधी विसरणार नाही. बाबांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते आणि आतून प्रश्न येत होते. प्राध्यापक वाकून उत्तरं देत होते, आधी तुटकपणे, मग खुलासेवार, मग तर त्यांना थांबवणं कठीण झालं. बाबांनी पत्र्यावर लोहचुंबक फिरवून कुठे खड्ड्यात लांबी, म्हणजे पुटी, भरून वर रंग मारलाय का ते पाहिलं. एका ठिकाणी चुंबक धरेना, तेव्हा प्राध्यापकांनी तिथे एक गाय आडवी आली होती असं सांगितलं. चेसिसवर कोरलेल्या नंबरवर कागद ठेवून बाबांनी पेन्सिल घासली, नंबर कागदावर उमटवला आणि बुकातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. दिवे, वायपर, भोंगा. भोंगा वाजला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या आणि विकली का एकदाची, असं त्यांनी विचारलं. बाबांचा शर्ट काळा झाला होता आणि चेहरा एखाद्या मुलाच्या चेहऱ्यासारखा उजळला होता. मला मनातून इतका आनंद होत होता, की मी उगाचच गाडीच्या टपावरची धूळ पुसत होते.

शेवटी रस्त्यावर चालवून बघायचं राहिलं. प्राध्यापकांनी खिळ्यावरून चावी काढून आणली. बाबांनी हात पुढे केला. प्राध्यापकांनी चावी दिली नाही. त्यांनीही हात पुढे केला.

"लायसन्स?" ते म्हणाले. "आपल्या हाताखालून एवढ्या गाड्या गेल्या. आज आमची पाळी."

बाबांनी कौतुकाने मान हलवली. त्यांना हा काटेकोरपणा आवडला. खिशातून लायसन्स काढून त्यांनी दिलं. प्राध्यापकांनी चष्मा बदलला, डोळ्यांजवळ धरून वाचलं, मग माझ्याकडे दिलं आणि मलाही वाचायला सांगितलं. मुदत गेल्याच वर्षी संपलेली होती.

स्कूटरचा विमा, पीयूसी, गॅसचा नंबर, विजेचं बिल, माझ्या पासपोर्टची तारीख, सगळं बाबांना तोंडपाठ असायचं. हे एवढंच सुटलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि मी, पगार घेऊन तारखा तपासणारी, त्यांच्या मागे बसून तिथवर आले होते. प्राध्यापक काहीतरी खोचक बोलणार असं मला वाटलं. पण त्यांनी बाबांचा चेहरा पाहिला. चावी त्यांनी परत खिळ्याला लावली.

बाबा स्कूटरला हात लावायला तयार होईनात. "तू चालव," ते म्हणाले. मी बसले. मागे बसण्याआधी त्यांनी माझं लायसन्स मागितलं, तारीख बघितली आणि मगच बसले. मी चुकीच्या गिअरमध्ये पर्वतीजवळचा चढ चढले तरी त्यांनी टोकलं नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटू लागली.

दोन दिवस त्यांनी गाडीचा विषय काढू दिला नाही. आपली नव्हेच ती, एवढंच म्हणाले. नूतनीकरणाला त्यांना त्यांच्याच जुन्या ऑफिसात जावं लागणार होतं. एक वर्ष मुदत संपलेल्या लायसन्सवर स्कूटर फिरवली, हे त्या खिडकीशी उभं राहून सांगावं लागणार होतं, आणि ते त्यांच्याच्याने होईना. मला त्या हॉटेलवाल्याचा ट्रक दिसू लागला. मी ओरडले, रुसले, समजावलं. काही उपयोग झाला नाही.

काम केलं ते आईने. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने विचारलं, "तुम्ही ज्यांना नापास करायचात, ते परत यायचे ना हो?"

"यायचे," बाबा म्हणाले.

"लाज वाटत असेल त्यांना पण. तरी यायचे. मग तुम्हाला काहून जमत नाही?"

आईला बाबांच्या गावाकडचा "काहून" एरवी आवडत नसे. तो तिने मुद्दाम वापरला. बाबांनी पोळी संपवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे डोळे तपासायला गेले. डॉक्टर ओळखीचे होते, न बघताच सही करायला निघाले होते. बाबांनी त्यांना अक्षरांचा तक्ता लावायला लावला.

आरटीओत मी मुद्दाम रजा टाकून सोबत गेले. जे व्हायचं तेच झालं. बाबांना पाहून सगळे उठून उभे राहिले. खुर्ची आली, चहा आला. तिथला निरीक्षक तरुण होता. बाबांच्या हाताखालीच काम शिकलेला. "सर, तुम्ही बसा, आत्ता करून देतो," तो म्हणाला. नियमाप्रमाणे चाचणीची गरजच नव्हती. अर्ज, डॉक्टरांचा दाखला आणि फी पुरेशी होती. बाबा रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी आल्यावर ते म्हणाले, "मी मोटार चालवून बरीच वर्षं झाली. आता घेणार आहे. मला आधी बघ. मग दे."

तो तरुण पेचात पडला. नाही म्हणवेना आणि हो म्हणणं जिवावर आलं. शेवटी दोन दिवसांनी सकाळी मैदानावर यायचं ठरलं. गाडी कुठली आणायची हा प्रश्न होता. मी प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "मीही येतो. हे मला बघायचंच आहे."

त्या दिवशी मोतिया मोटार मी चालवत नेली. बाबा शेजारी, प्राध्यापक मागे. मैदानावर बाबा चालकाच्या जागी बसले, तो तरुण त्यांच्या शेजारी, आणि आम्ही दोघं कडुनिंबाखाली उभे राहिलो. बाबा नापास होतील ही भीती मला नव्हती. तो मुलगा बघणार नाही, आदराने मान खाली घालून शिक्का मारेल, आणि बाबा ती गाडी कधीच घेणार नाहीत, ही भीती होती. बाबांनी गाडी सुरेख काढली. वळणं घेतली, चढावर थांबवली, पुन्हा उचलली. मग उलटी घेतली आणि बरोबर जागेवर आणून लावली. प्राध्यापक हळूच म्हणाले, उत्तम. गाडी थांबली. दोघं आतच बसून राहिले. तो तरुण काहीतरी सांगत होता आणि बाबा ऐकत होते.

बाबा उतरले ते ताठ चालत आले. खांदे हलत होते.

"नापास केलं मला," ते म्हणाले.

"कशात?" मी विचारलं.

"रिव्हर्स घेताना मागे वळून बघितलं नाही. मान वळत नाही आता, आरशावर भागवलं. त्याने पकडलं." त्यांना ते सांगताना हसू आवरत नव्हतं. "म्हणतो कसा, सर, या पुढच्या आठवड्यात. माझ्या तोंडावर. घाबरला होता पोरगा, पण बोलला."

मागे तो तरुण गाडीच्या दाराशी घाम पुसत उभा होता. बाबा पुन्हा त्याच्याकडे गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. मी माझ्या वडिलांना इतकं आनंदी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशीसुद्धा नाही.

प्राध्यापकांनी घसा खाकरला. शेवटचा रविवार तोंडावर आलाय, त्या हॉटेलवाल्याला काय सांगू, असं त्यांनी विचारलं.

"गाडी विकली म्हणून सांगा," बाबा म्हणाले.

"आणि आपलं लायसन्स?"

"ते मिळेल. मी परत येतोय ना."

किमतीचं बोलणं परत येताना गाडीतच झालं, आणि घासाघीस करू नये या अटीवर ठाम असलेल्या प्राध्यापकांनी स्वतःच किंमत थोडी कमी केली, गाय आडवी आली होती ते धरून. आठवडाभर आई बाबांची मान तेल लावून चोळत होती आणि ते चाळीच्या गॅलरीतून मागे वळून बघायचा सराव करत होते. शेजाऱ्यांना वाटलं कोणाची तरी वाट बघतायत. पुढच्या आठवड्यात ते मान वळवून, नीट मागे बघून पास झाले.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी प्राध्यापकांच्या पत्नीने चाकाखाली ठेवायला लिंबं दिली होती. आमच्याकडे तसलं काही करत नाहीत. आईने ती लिंबं घरात घेतली आणि पुढच्या काचेजवळ मोगऱ्याची ओंजळ ठेवली. सगळे बघून गेले, मुलं भोंगा वाजवून गेली. आम्ही वर आलो. ताटं घेतली तेव्हा बाबा नव्हते. गॅलरीतून खाली पाहिलं तर ते गाडीत बसलेले होते. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ते ना काही तपासत होते, ना काही हलवून बघत होते.

मी हाक मारली, "बाबा, जेवायला येताय ना?"

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं. आयुष्यभर त्यांच्या तोंडी "ती गाडी", "त्यांची गाडी", "लोकांची गाडी" असंच ऐकलं होतं. खूप आनंद झाला की त्यांची भाषा नागपूरकडे जायची, तशी ती गेली.

"येतो ना," ते म्हणाले. "माझ्या गाडीत बसून राहिलो जरा."

आईने गॅस बंद केला, चपला घातल्या आणि तीही खाली गेली.